कुंपणापलीकडचा शेजारी

प्रत्येक गावात एक तरी घर असे असते की, त्याच्यासमोरून जाताना मुलांची पावले आपोआप झपाझप पडू लागतात आणि वळण गाठले की तीच मुले थांबून मागे पाहतात. त्या घरात भूत आहे म्हणावे, तर सायंकाळी धूर निघताना दिसतो. माणूस आहे म्हणावे, तर तो कोणी पाहिलेला नसतो. वडील माणसांना विचारावे तर ती "जा, खेळा जाऊन" एवढेच सांगतात. मुलांच्या कुतूहलास खतपाणी घालण्याला याहून उत्तम उत्तर सापडणे कठीण. जे सांगितले जात नाही ते मुले स्वतः रचतात, आणि एकाने रचलेले दुसऱ्याच्या तोंडी जाईपर्यंत दुप्पट होते. अशा पोरकथांना इतिहासग्रंथांत जागा नसते. तथापि एखाद्या गावाने कोणाला आपल्यात घेतले, कोणाला दाराआड ठेवले आणि का, हे समजून घ्यावयाचे असेल, तर या कथांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, असे मला वाटते. कारण दार बंद का आहे हे मुलांना ठाऊक नसले, तरी ते बंद आहे ही गोष्ट सर्वांआधी त्यांच्याच लक्षात येते.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वंशद्वेष आणि न्याय या विषयावरील कादंबरी म्हणून ती जगभर वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिचा आरंभ न्यायालयात होत नाही. तो होतो एका बंद घरासमोर. अलाबामा राज्यातील एका लहानशा कल्पित गावात स्काउट नावाची सहा वर्षांची मुलगी, तिचा भाऊ जेम आणि सुट्टीत येणारा त्यांचा सोबती डिल ही तीन मुले शेजारच्या रॅडली कुटुंबातील बू या पुरुषाचा ध्यास घेतात. हा बू वर्षानुवर्षे घराबाहेर पडलेला नाही. तो कच्च्या खारी खातो, रात्री खिडक्यांतून डोकावतो, अशा कथा गावात चालत असतात. मुले त्याच्या अंगणाला हात लावून पळण्याची पैज मारतात, त्याच्या जीवनाचे नाटक रचून रस्त्यावर खेळतात. मग हळूहळू झाडाच्या ढोलीत त्यांच्यासाठी लहानसहान भेटी सापडू लागतात, फाटलेली विजार कोणीतरी शिवून ठेवते, आगीच्या रात्री स्काउटच्या खांद्यावर न कळत कोणीतरी घोंगडी टाकून जाते. ज्याला ती पाहावयास टपली होती तोच त्यांना पाहत होता.

या कथानकातील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष फारसे जात नाही, आणि मला तर तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. बू हा स्वतःहून कोंडून घेतलेला माणूस नव्हे. तरुणपणीच्या एका दांडगाईबद्दल न्यायाधीश त्याला सुधारगृहात पाठविणार होते; बापाने हमी देऊन मुलाला घरी आणले आणि मग तो मुलगा बाहेर दिसेनासा झाला. सुधारगृहात गेलेले त्याचे सोबती पुढे शिकूनसवरून मार्गी लागले. घरात राहिलेला मात्र गावाच्या लेखी संपला. बापाच्या मागून भाऊ आला, आणि त्याने ढोलीसुद्धा सिमेंटने बुजवून टाकली. मुले विचारीत होती, "तो बाहेर का येत नाही?" त्यांनी विचारावयाचा प्रश्न निराळा होता: त्याला बाहेर कोण येऊ देत नाही? लेखिकेच्या स्वतःच्या गावी, मन्रोव्हिल येथे, तिच्या बालपणी असेच एक बंद घर शेजारी होते, असे तिचे चरित्रकार सांगतात. तेव्हा ही निव्वळ कल्पनेची करामत नव्हे.

कादंबरीतील काळ १९३३ ते १९३५ चा आहे. तोच काळ आपल्याकडे पाहू लागलो तर दृष्टी वर्धा जिल्ह्यावर येऊन स्थिरावते, आणि त्याला कारण आहे. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी, आंजी (मोठी) हे गाव आहे. हीच धाम पुढे वाहत पवनारला जाते, जेथे १९३८ साली विनोबा येऊन राहिले. आणि तेथून सेवाग्राम फार दूर नाही. या टापूतील बंद दारे रॅडलींच्या घरासारखी गल्लीच्या मधोमध नसत. ती गावकुसाबाहेर असत. ज्याच्या अंगावर रक्तपितीची खूण उमटली, त्याची भाकरी प्रथम वेगळी होई, मग भांडे वेगळे, मग बाज ओसरीवर, आणि शेवटी शिवेजवळ एखादी झोपडी. विदर्भातच असे होते असे नाही. सबंध देशाचीच ही रीत होती. सरकारनेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले होते. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने भीक मागत हिंडणाऱ्या निराधार रोग्याला वॉरंटावाचून पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार पोलिसांना दिला. आणि जेथे तशी अधिसूचना निघेल तेथे रोग्याला खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करणे, कपडे धुणे, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर स्नान करणे, भाड्याच्या गाडीत बसणे या गोष्टींची बंदी करण्याची सोय करून ठेवली. रोगाचा जंतू हान्सेन या नॉर्वेजियन वैद्याने १८७३ मध्ये शोधला होता. बहुसंख्य माणसांच्या अंगी या रोगाला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते आणि तो सहजासहजी जडत नाही, ही समजूत मात्र लोकांत रुजावयास आणखी कितीतरी वर्षे लागावयाची होती. त्या झोपडीकडे मुलांनी जाऊ नये म्हणून ज्या गोष्टी सांगत, त्यांत पाप होते, शाप होता, नाग मारल्याचे प्रायश्चित्त होते. रोग तेवढा नव्हता.

गांधीजींच्या आत्मकथेत त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग आहे. वडील आजारी असताना पोरबंदरला रोज रात्री त्यांच्यापुढे रामायण वाचले जाई. वाचणारे होते बिलेश्वरचे लाधा महाराज. त्यांना महारोग झाला होता आणि बिलेश्वराच्या महादेवाला वाहिलेली बेलाची पाने अंगावर बांधून व रामनाम जपून तो बरा झाला, अशी ख्याती होती. ऐकणारा मोहनदास तेरा वर्षांचा असेल. ही कथा खरी की खोटी याची चिकित्सा आत्मकथेत नाही. घरची मंडळी ती खरी मानीत होती, एवढेच तेथे नमूद आहे. मला यात विशेष असे वाटते की, ज्या माणसाला इतर घरांतील मुलांनी बोट दाखवून भ्यावयाचे, तो माणूस या घरात दिव्यापाशी बसून वाचीत होता आणि मुलगा त्याच्या स्वरावर भाळून ऐकत होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत एक महारोगी दाराशी आला तेव्हा त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले व त्याच्या जखमा धुतल्या. काही दिवसांनी त्याला इस्पितळात पाठवावे लागले, कारण कायमचे ठेवून घेण्याचे बळ आपल्या अंगी नव्हते, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. या कबुलीचे स्मरण पुढील हकीकत वाचताना ठेवावे.

दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी आणि ते एकाच भिंतीच्या आत होते, पण रोगामुळे शास्त्रीबोवांना निराळे ठेवलेले. भेट होईना म्हणून पत्रे सुरू झाली. एकाच आवारात दोन माणसे राहतात आणि चिठ्ठ्यांनी बोलतात! ढोलीत ठेवलेल्या भेटींची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १९३९ साली हेच शास्त्री एके दिवशी न कळविता सेवाग्रामला आले. शेवटचे दिवस येथे काढावे, एवढीच त्यांची इच्छा होती. गांधीजींना होकार देणे सोपे गेले नाही. सेवाग्राम हे एकट्याचे घर नव्हते. तेथे बायामुले होती, आजारी माणसे होती. त्यांनी हा प्रश्न आश्रमवासीयांपुढे मांडला आणि सर्वांची संमती घेतली. मग शास्त्रींसाठी कुटी बांधली गेली. थोडी अंतरावर, परंतु गांधीजींच्या कुटीपासून दिसेल इतकी जवळ.

हे जे 'दिसेल इतके जवळ' आहे, ते मुलांच्या दृष्टीने सर्वस्व होय. सायंकाळी फिरावयास निघालेल्या गांधीजींच्या हाताला, काठीला धरून चालणारी मुले त्या काळच्या कितीतरी छायाचित्रांत दिसतात. रोज आजाऱ्यांची विचारपूस करीत हिंडणे हा त्यांचा नित्यक्रम होता आणि शास्त्रींची कुटी त्या वाटेवरच होती. गांधीजी तेथे जाऊन स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. ते छायाचित्र आज सर्वांच्या परिचयाचे आहे: वाकून बसलेले गांधीजी, समोर हाडांचा सापळा झालेले शास्त्री. मोठ्या माणसांना त्यात करुणा दिसते. मुलाला काय दिसत असेल? त्याला दिसत असेल की, झोपडीत जो राहतो त्याला पाय आहेत, पाठ आहे, तो बोलतो, हसतो, आणि त्याच्या अंगाला हात लावणाऱ्याचा हात गळून पडत नाही. ज्याच्याविषयी गोष्टी रचावयाच्या तो दिवसाउजेडी समोर बसलेला असेल, तर रचावयाचे ते काय! शास्त्रींना थोडे बरे वाटू लागले तसे ते आश्रमातील लोकांना संस्कृत शिकवू लागले. महादेवभाई देसाई यांचा मुलगा नारायण त्या वेळी चौदा वर्षांचा होता. वर्ध्याची शाळा त्याने सोडून दिली होती आणि आश्रम हीच त्याची शाळा झाली होती. पुढे त्याने या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, त्या ज्यांना मिळतील त्यांनी अवश्य वाचाव्या; आश्रमातील विक्षिप्त आणि विलक्षण माणसे मुलांच्या डोळ्यांना कशी दिसत, हे इतक्या खेळकरपणे सांगणारे दुसरे लेखन मला माहीत नाही.

त्या विलक्षण माणसांत एक भणसाळी होते. त्यांच्याविषयी येथे लिहिलेच पाहिजे, कारण परचुरे शास्त्रींवर जे लादले गेले ते यांनी आपण होऊन पत्करले होते. जयकृष्ण भणसाळी मूळचे मुंबईकडील प्राध्यापक. साबरमतीच्या आश्रमात राहून त्यांनी दीर्घ उपवास केले, मग मौनाचे व्रत घेऊन अंगावरच्या वस्त्राचीही तमा न बाळगता देशभर हिंडले. तोंडून चुकूनही शब्द निघू नये म्हणून त्यांनी ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले होते. कच्चे पीठ आणि कडुनिंबाची पाने हा त्यांचा आहार. गांधीजींनी समजूत घालून त्यांना पुन्हा माणसांत आणले, आणि हा मौनी सेवाग्रामला येऊन रोज तासन्‌तास सूत काढीत बसू लागला व गावातील मुलांना शिकवू लागला. कोणत्याही गावच्या मुलांनी ज्याच्याभोवती डझनभर भुताच्या गोष्टी सहज गुंफल्या असत्या, तोच त्यांच्या हाती पाटी देत होता, ही गंमत पाहण्यासारखी खरी.

पण भणसाळींची खरी कथा १९४२ ची आहे. त्या वर्षी १६ ऑगस्टला चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे आणि याच वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाले. त्यानंतर चिमूरला पाठविलेल्या लष्कराने व पोलिसांनी तेथील स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. सरकार चौकशी करावयास तयार नव्हते. पुढारी बहुतेक सर्व तुरुंगात. तेव्हा सूतकताईत मग्न असलेला हा माणूस उठला, दिल्लीला जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद बापूजी अणे यांच्या दारी बसला, आणि त्यांनी चौकशीची व्यवस्था करावी असा हट्ट धरला. तेथून त्याला परत आणून सोडले, तर त्याने उपाशीपोटी पायीच चिमूरची वाट धरली. वाटेत पकडून पुन्हा सेवाग्रामला आणले, तरी पुन्हा निघाला. उपवासाची बातमी छापण्यावर बंदी आली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढले नाहीत. १२ जानेवारीला, सरकारशी बोलणी होऊन, त्रेसष्टाव्या दिवशी उपवास सुटला. ज्याने एके काळी ओठ शिवले होते त्याच्या आवाजाने सबंध इलाख्याच्या सरकारला तोंड उघडावयास लावले. कादंबरीतही शेवटी असेच घडते. अंधारात मुलांवर हल्ला होतो तेव्हा वर्षानुवर्षे दाराआड राहिलेला बू धावून येतो, त्यांना वाचवितो, आणि स्काउटच्या हाताने घरापर्यंत जाऊन पुन्हा दाराआड जातो. लेखिकेने कल्पनेने रचलेला हा प्रसंग वाचून अनेकांना तो अद्भुत वाटला आहे. मला तो वाटत नाही.

तरीही या दोन शेजाऱ्यांना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. भणसाळींनी दार लावले आणि त्यांनीच ते उघडले. उघडावयाचे की नाही हे त्यांच्या हाती होते. एकांत हा ज्याचा हक्क आहे अशा माणसाकडे डोकावून पाहण्यास मुलांना मज्जाव करणे योग्यच, आणि कादंबरीतील वकील बाप आपल्या मुलांना तेच बजावतो. परचुरे शास्त्रींच्या कुटीचे दार मात्र आश्रमाने उघडले म्हणून उघडले. शिवाय ती कुटी वेगळीच होती, हे विसरून चालत नाही. गांधीजींचे औदार्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की, सेवाग्रामलासुद्धा अंतर हे होतेच. फक्त ते भिंतीचे न राहता चार पावलांचे झाले. आपल्या भाविक चरित्रकारांना ही गोष्ट अडचणीची वाटते म्हणून ते तिच्यावरून घाईने पुढे जातात. शास्त्रींचा रोग मध्ये बळावला, आणि शेवटचे दिवस त्यांना सेवाग्रामला काढता आले नाहीत. ते वर्ध्याजवळ दत्तपूर येथे गेले आणि १९४५ साली तेथेच वारले.

दत्तपूरचे कुष्ठधाम विनोबांचे शिष्य मनोहर दिवाण यांनी १९३६ साली सुरू केले होते. तोवर या देशात कुष्ठरोग्यांची सेवा बहुतांशी ख्रिस्ती मिशनरींनीच चालविलेली होती, आणि आपले लोक तिच्याकडे परक्याचे काम म्हणून पाहत होते. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रमा'च्या १९४५ च्या आवृत्तीत महारोग्यांचे निराळे कलम घातले आणि त्यात दिवाणांच्या कार्याचा आवर्जून उल्लेख केला. पुढे १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॉक्टर वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने जी पद्धत घालून दिली ती अशी: रोग्याने येऊन दार ठोठवावे म्हणून वाट पाहावयाची नाही, आपणच घरोघर जाऊन तपासणी करावयाची, लोकांना समजावून सांगावयाचे आणि घरी राहूनच औषध द्यावयाचे. डॅप्सोनच्या गोळ्या हाती आल्यामुळे हे शक्य झाले होते. घरी राहून, हा यातला सर्वांत मोठा शब्द. झोपडी शिवेबाहेर बांधण्याचे कारणच त्याने नाहीसे केले.

या कामात शाळा आल्या, आणि येथे मुलांच्या कुतूहलाला प्रथमच काही काम मिळाले. अंगावरचा फिकट चट्टा, त्या जागी स्पर्श न कळणे, हे जर मुलाला माहीत असेल, तर तो घरच्या माणसाच्या पाठीवरचा चट्टा पाहून भिणार नाही, विचारील. ज्या प्रश्नाला "जा, खेळा जाऊन" हे उत्तर मिळत होते त्याला आता मास्तर फळ्यावर उत्तर देऊ लागले. सर्वच घरांत हे रुचले असेल असे नाही. मुलाच्या तोंडून रोगाचे नाव शेजारी जाईल आणि घरातल्या मुलीचे लग्न अडेल, ही भीती खोटी नव्हती. चट्टा लपविण्याचे पुष्कळसे कारण हेच होते, आणि अजूनही काही ठिकाणी आहे. १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली तेव्हा ती प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत राबविली गेली त्यांत वर्धा होता. एका ठराविक मुदतीत रोग पुरता बरा होऊ लागला. आज आंजी येथे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे आणि शिकाऊ डॉक्टर तेथे राहून खेड्यांतील घरे पाहतात. डिसेंबर २००५ मध्ये भारताने हा रोग दहा हजारांमागे एकाच्या खाली आणल्याचे जाहीर झाले, तरी नवे रोगी सापडत राहतात आणि त्यांत मुलेही असतात.

१८९८ चा तो कायदा मात्र पुस्तकात तसाच होता. रोगावर औषध निघाले, देश स्वतंत्र झाला, परचुरे शास्त्रींची कुटी सेवाग्रामला जतन करून तिच्यावर त्यांच्या नावाची पाटी लागली, शाळांच्या सहली ती पाहून गेल्या; आणि पोलिसांना रोग्याला पकडण्याचा अधिकार देणारे कलम कागदावर शिल्लकच राहिले. तो कायदा संसदेने २०१६ साली रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत होते, ते काढावयास २०१९ साल उजाडले.